गोदामातला शिक्का

गोदाम भिंतीकडे तोंड करून बसला होता, म्हणजे त्याने काहीतरी गिळलं होतं. गेल्या आठ वर्षांत हा नियम एकदाही खोटा ठरला नव्हता. नको ते पोटात गेलं की हा कुत्रा बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात जायचा, भिंतीला नाक लावायचा आणि या घराशी आपला काडीचा संबंध नाही अशा थाटात बसून राहायचा. घरात आणला तेव्हा त्याला चांगलं नाव ठेवलं होतं. पण मिळेल ते आत ठेवून घेण्याच्या स्वभावामुळे तिसऱ्याच महिन्यात त्याचा गोदाम झाला, आणि पहिलं नाव आता कुणाला आठवतही नव्हतं.

“अहो,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “बसलाय.”

“कधीपासून?”

“तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हापासून. चला, मोजायला लागा.”

मोजणी ही या घरची जुनी रीत. बायकोने चमचे मोजले, त्याने मोजे मोजले. किल्ल्या होत्या, रिमोट होता, दोघांचे चष्मे दोघांच्या नाकांवर होते. साबणाची वडीसुद्धा अखंड होती.

“सगळं जागेवर आहे. उगाच बसला असेल,” तो म्हणाला. “वय झालं आता त्याचं.”

“तो उगाच बसणाऱ्यातला नाही,” बायको म्हणाली, आणि तिची नजर चपलांच्या फळीखाली गेली. तिथे त्याची ऑफिसची बॅग उघडी पडली होती. बॅगेशेजारी त्याच्या हातरुमालाचे तीन तुकडे होते.

“शिक्का!” तो इतक्या जोरात ओरडला की गोदामने भिंतीला आणखी नाक खुपसलं.

हा गृहस्थ एका विमा कंपनीत बावीस वर्षं दावे तपासत होता. कंपनीत सगळे त्याला आक्षेपराव म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि हल्ली तोही फोन उचलून “हं, आक्षेपराव बोलतोय” असं म्हणायचा. आलेला दावा वाचायचा आणि पैसे का देता येणार नाहीत त्याचं कारण शोधायचं, हे त्याचं काम. माणूस सरळ होता. खोटं कारण त्याने आयुष्यात दिलं नाही. खरं कारण सापडेपर्यंत तो उठत नसे, एवढंच. कारण सापडलं की लाल पेन्सिलीने खूण करायची आणि फाईलवर अंगठ्याएवढा, लाकडी मुठीचा शिक्का उमटवायचा: ‘दावा नामंजूर’.

तो शिक्का सही करून मिळालेला होता. कंपनीच्या नियमपुस्तिकेतला चौथा नियम सांगायचा, ‘शिक्का धारकाने सदैव आपल्या ताब्यात ठेवावा.’ बाकीचे लोक शिक्का खणात टाकून घरी जात. पण आक्षेपराव शब्दाला पक्के. सदैव म्हणजे सदैव. बावीस वर्षं तो शिक्का रोज संध्याकाळी रुमालात गुंडाळून त्यांच्याबरोबर घरी येत होता आणि सकाळी परत जात होता. त्या शनिवारी अर्धा दिवस होता. निघताना त्यांनी घाईघाईत डबा खाल्ला आणि लोण्याचे हात नेमके त्याच रुमालाला पुसले.

“विमा आहे ना त्याचा?” बायकोने गोदामच्या गळ्यात पट्टा अडकवत विचारलं. “तीन महिने डोकं खाल्लंत माझं त्यापायी.”

आक्षेपरावांना ते झोंबलं. जखमेवर मीठ चोळलं तरी ते कुठल्या कंपनीचं आहे हे आधी वाचणारा माणूस तो. पण आत्ता त्यांनी काहीही न वाचता चपला घातल्या.

विम्याची कथा अशी. गोदामला मागच्या वर्षी कानाचं दुखणं झालं, त्याच्या औषधांचा खर्च बघून दोघांचे डोळे पांढरे झाले आणि याचा विमा काढायचा असं ठरलं. शेजारच्या वहिनींनी आपल्या मांजरीचा विमा चहा उकळेपर्यंत काढला होता. आक्षेपरावांना तीन महिने लागले. त्यांनी सात कंपन्यांची पत्रकं आणली, त्यातली बारीक अक्षरं भिंगाखाली वाचली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक तक्ता चिकटवला. कुठे दातांचा खर्च वगळला होता, कुठे म्हातारपण. एका कंपनीत तर कुत्र्याला जे काही होऊ शकतं ते सगळंच वगळलेलं होतं. शेवटी त्यांनी स्वतःच्याच कंपनीचा विमा घेतला. तिथली भोकं निदान ओळखीची होती.

अर्जात एक प्रश्न होता: ‘प्राण्यास वस्तू गिळण्याची सवय आहे काय? असल्यास तपशील द्या.’

“नाही म्हणून लिहा,” बायको म्हणाली होती.

“वेडी आहेस का तू? माहिती लपवली या एका कारणावर मी आजवर किती दावे उडवले असतील माहितीये? मी नाही त्या सापळ्यात सापडायचा.”

आणि ताकही फुंकून पिणाऱ्या या माणसाने अर्जाला परिशिष्ट जोडलं. नऊ पानी. गोदामने आठ वर्षांत जे जे गिळलं ते सगळं, क्रमांक घालून, तारखेसकट. क्रमांक एक, डावा मोजा. क्रमांक सतरा, लाकडी चमच्याचा दांडा. क्रमांक तेवीस, खोडरबर. असे एकूण त्रेचाळीस. कंपनीने अर्ज मंजूर केला, परिशिष्टाबद्दल आभार मानले, आणि त्यातल्या त्रेचाळीस वस्तू ‘व तत्सम सर्व पदार्थ’ विम्यातून वगळून टाकले. हात दाखवून अवलक्षण ते याहून वेगळं काय असतं? आता गोदामला वीज पडून किंवा पुरात काही झालं असतं तरच पैसे मिळाले असते, आणि गोदाम तर पावसाचा थेंब दिसला तरी पलंगाखाली जायचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. गोदामच्या पोटात शिक्का आडवा पडलेला स्पष्ट दिसत होता.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“कंपनीची मालमत्ता,” आक्षेपराव म्हणाले.

“शिक्का आहे हो,” बायको म्हणाली. “लाकडी.”

“पुढे सरकत नाहीये तो. आजच ऑपरेशन करावं लागेल.”

“आणि थांबलं तर?” हा प्रश्न आक्षेपरावांच्या तोंडून सवयीने गेला. ऑफिसात ते प्रत्येकाला विचारायचे.

“सोमवारपर्यंत थांबलात तर सोमवारी मला करण्यासारखं काही उरणार नाही. विमा आहे का याचा?”

“आहे,” असाध्य रोगाचं नाव सांगावं तसे आक्षेपराव म्हणाले.

“मग काळजी कसली?”

“त्यात हे बसत नाही.”

“का बरं?”

“मी सगळं खरं लिहिलं होतं.”

डॉक्टरीणबाईंनी खर्चाचा आकडा कागदावर लिहून दिला. तो त्यांच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा होता. तेवढे पैसे घरात होते, नाही असं नाही. पण ते छताचे होते. झोपायच्या खोलीचं छत दोन वर्षांपासून गळत होतं आणि नवराबायकोच्या मधोमध पलंगावर एक बादली झोपायची. पै पै जमवून कारागिराला पुढच्या महिन्यात बोलवायचं ठरलं होतं.

बायकोने कागद बघितला, नवऱ्याकडे बघितलं, आणि पर्स उघडली.

“बादलीची सवय झालीये आता,” ती म्हणाली. “याची पण झालीये. सही करा.”

आक्षेपरावांनी संमतीपत्र हातात घेतलं, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि दुसऱ्याच ओळीत खूण केली. “इथे ‘शक्यतो’ असं मोघम लिहिलंय. शक्यतो म्हणजे नेमकं...”

बायकोने पेन्सिल हिसकावून घेतली. सही झाली. गोदामला आत नेताना तो मागे वळला आणि त्याने आक्षेपरावांचा हात चाटला. हाताला अजून लोण्याचा वास होता, त्यासाठीच चाटला असेल. पण बावीस वर्षं लोकांची रडगाणी कोरड्या डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाला दवाखान्याच्या बाकावर हुंदका आवरेना. हा मुका जीव आपल्या चोख वागण्यापायी मरणार, असं त्यांना वाटत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

गोदाम वाचला. रविवारी दुपारी तो घरी आला तेव्हा त्याच्या गळ्याभोवती प्लास्टिकचं मोठं नरसाळं होतं आणि पोटावर अकरा टाके. शिक्का डॉक्टरीणबाईंनी शनिवारी संध्याकाळीच धुऊन झाकणाच्या बरणीत घालून दिला होता.

“आठवण म्हणून ठेवा,” त्या म्हणाल्या होत्या.

“ठेवता येणार नाही. सोमवारी जमा करायचाय.”

“दावाही करा सोमवारी,” बायको म्हणाली. “हप्ता भरलाय आपण.”

“अगं, तो नामंजूर होणार.”

“होऊ दे. न मागता नामंजूर होण्यापेक्षा मागून होऊ दे.”

सोमवारी आक्षेपरावांनी दोन कागद दाखल केले. एक दाव्याचा, आणि दुसरा कुणीही न मागितलेला खुलासा: शनिवारी दुपारी अडीचपासून संध्याकाळी सहापर्यंत शिक्का धारकाच्या ताब्यात नसून धारकाच्या कुत्र्याच्या ताब्यात होता, सबब चौथ्या नियमाचा भंग झाला आहे. न सांगता भागलं असतं. पण माहिती लपवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

स्वतःचा दावा स्वतः तपासायचा नाही असा दंडक आहे. त्यामुळे तो शेजारच्या टेबलावर गेला. तिथे वर्षापूर्वी रोखपालाच्या खिडकीवरून बदली होऊन आलेल्या एक पन्नाशीच्या बाई बसायच्या. कारण कसं शोधायचं हे त्यांना आक्षेपरावांनीच अथपासून शिकवलं होतं. बाईंनी फाईल उघडली, परिशिष्ट काढलं आणि पानावर बोट ठेवत खाली सरकू लागल्या. आक्षेपराव आपल्या टेबलावरून चोरून बघत होते. बोट एका जागी थांबलं. पुढे गेलं. पुन्हा थांबलं.

“सर,” बाई अवघडून म्हणाल्या, “लाकूड क्रमांक सतरामध्ये जाहीर केलेलं आहे.”

“हो. चमच्याचा दांडा.”

“आणि रबर क्रमांक तेवीसमध्ये.”

“खोडरबर.”

“शिक्का म्हणजे लाकूड अधिक रबर.”

आपला दावा बुडाला हे आक्षेपरावांना कळलं. त्याच वेळी त्यांची छातीही अभिमानाने भरून आली, आणि या दोन्हींचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांना स्वतःला फार तर क्रमांक सतरा सुचला असता. दोन क्रमांकांची बेरीज हे पुढचं पाऊल होतं. गुरूची विद्या गुरूला फळली ती अशी.

“बरोबर आहे, बाई,” ते म्हणाले. “मारा शिक्का.”

बाईंना अजून स्वतःचा शिक्का मिळाला नव्हता; त्यांनी आक्षेपरावांनी आणलेल्या बरणीचं झाकण उघडलं. औषधाचा वास सगळ्या खोलीत पसरला. त्यांनी आक्षेपरावांकडे बघत शिक्का मारला, तो तिरका उमटला.

“जरा सरळ मारा,” आक्षेपराव म्हणाले. “अपिलात जाऊ नये.”

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा दुपारी मोठ्या साहेबांचा निरोप आला. खुलासा वाचला, प्रकरण गंभीर आहे, शिक्का तूर्त बाईंकडे राहील, त्यांनी नियमपुस्तिका बघून आपला अभिप्राय द्यावा आणि तोपर्यंत आक्षेपरावांनी कुठल्याही फाईलला हात लावू नये. बावीस वर्षांत पहिल्यांदा आक्षेपरावांचं टेबल रिकामं झालं. ते दिवसभर रिकाम्या टेबलाकडे बघत बसले.

संध्याकाळी घरी बायको नरसाळ्यातून गोदामला पेज भरवत होती. वर छत, खाली बादली, बादलीत टप टप.

“काय कारण दिलं?” तिने विचारलं.

“लाकूड अधिक रबर.”

तिने पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, “बावीस वर्षं लोकांना कारणं दिलीत. ती घेऊन लोक घरी जाऊन काय करत असतील, असं आलं का कधी मनात?”

नव्हतं आलं. ते आता आलं, आणि एकदा आलं ते जाईना. आक्षेपरावांना शिवणकाम करणारी एक बाई आठवली. तिचं यंत्र जळालं होतं. अर्जात तिने यंत्राच्या क्रमांकातला एक आकडा चुकवला होता, आणि आक्षेपरावांनी तो चार मिनिटांत पकडला होता. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितलंही होतं. ती बाई फाईलची प्रत घेऊन दाराशी बराच वेळ उभी होती, हे मात्र सांगितलं नव्हतं. ते आठवून त्यांना आता फार लाज वाटली. गोदाम नरसाळं सांभाळत आला आणि त्यांच्या पायावर टेकला, तेव्हा तर जास्तच वाटली.

तीन दिवस बाई नियमपुस्तिका वाचत होत्या. डबा खातानाही वाचत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी अभिप्राय वर पाठवला आणि त्याची प्रत आक्षेपरावांच्या रिकाम्या टेबलावर ठेवली. आक्षेपराव उभ्यानेच वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीला खुर्चीत बसले.

बाईंनी लिहिलं होतं: चौथ्या नियमाप्रमाणे शिक्का सदैव ताब्यात ठेवायचा असल्याने तो घरी नेणं ही धारकाची चूक नसून कर्तव्य आहे, उलट, जे नेत नाहीत त्यांनी खुलासे द्यावेत. शिक्का ही कंपनीची मालमत्ता आहे. एकोणिसाव्या नियमाप्रमाणे कंपनीची मालमत्ता बंद जागेत अडकली असता ती जागा उघडण्याचा व पुन्हा नीट बंद करण्याचा खर्च कंपनीने करायचा असतो. सहा वर्षांपूर्वी पोलादी कपाटाचं कुलूप अडकलं तेव्हा बाहेरचा कारागीर बोलावून त्याचं बिल दिलेलं आहे. प्रस्तुत प्रकरणी कपाटाच्या जागी कुत्रा असून कारागिराच्या जागी डॉक्टर आहेत. मालमत्ता चालू स्थितीत परत मिळाली असून तिचा वापरही सुरू झाला आहे. पुरावा म्हणून सोमवारी नामंजूर केलेला दावा सोबत जोडला आहे.

आक्षेपरावांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. त्यांचाच नामंजूर दावा त्यांच्याच बाजूचा पुरावा झाला होता.

“बाई,” ते कसंबसं म्हणाले, “हे कुठे शिकलात तुम्ही?”

“तुमच्याकडेच की, सर. कारण सापडेपर्यंत उठायचं नाही, तुम्हीच शिकवलंत.” बाईंनी पदर नीट केला. “कुठल्या बाजूने शोधायचं ते तेवढं सांगितलं नव्हतंत.”

“मोठे साहेब मानतील?”

“साहेब फक्त पहिलं पान वाचतात. पहिल्या पानावर मी कपाटाचंच लिहिलंय.”

आक्षेपरावांनी अभिप्राय खाली ठेवला. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “ती शिवणयंत्रवाली फाईल आहे का हो अजून कपाटात? एका आकड्यावर गेलेली?”

“असेल. काढू?”

“काढा. बघा एखादं कारण.”

आठवड्याने आदेश निघाला. पूर्ण खर्च मंजूर, ‘कुलूप-किल्ली व कपाट दुरुस्ती’ या सदराखाली. आक्षेपराव कागद घेऊन घरी आले. छताच्या कारागिराला लगेच निरोप गेला आणि बायकोने बादलीला प्रेमाने एक लाथ मारली. आक्षेपराव खिडकीशी बसून आदेश वाचत होते. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी चढली.

“अगं,” ते म्हणाले, “खर्चाची तारीख रविवारची टाकलीये यांनी. ऑपरेशन शनिवारी झालं.”

“मग?”

“मग काय! एवढ्या तारखेवर आख्खा आदेश रद्द होऊ शकतो. कळवायला पाहिजे.” त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्यांनी बॅग पाहिली, टेबल पाहिलं, कानावर हात फिरवला. “माझी लाल पेन्सिल कुठाय?”

आणि मग त्यांना गोदाम दिसला. कालच नरसाळं निघालं होतं. तो बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला नाक लावून बसला होता.

आक्षेपरावांच्या हातून कागद गळून पडला. अकरा टाके त्यांच्या डोळ्यांपुढून गेले, छत गेलं, कपाट गेलं. पेन्सिल लाकडी होती. क्रमांक सतरा. आणि या खेपेला कुठल्याच नियमात ती बसवता आली नसती, कारण पेन्सिल त्यांची स्वतःची होती.

“गेली,” ते म्हणाले. “पेन्सिल गेली गं.”

“कुठे जात नाही,” बायको म्हणाली. तिने मूठ उघडली. लाल पेन्सिल तिच्या हातात होती. “दवाखान्यापासून माझ्याकडेच आहे. तुम्हाला आज आठवण झाली. आता ती तारीख रविवारचीच राहू दे, कळलं?”

आक्षेपरावांनी डोळे मिटले आणि इतका मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या वहिनींनाही ऐकू गेला असेल. आदेश उचलला, चार घड्या घातल्या आणि काहीही न कळवता खिशात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक चूक चूक म्हणून राहू दिली, आणि त्यांना वाटलं होतं तेवढा त्रास काही झाला नाही.

मग त्यांनी डोळे उघडले.

“पेन्सिल तुझ्याकडे आहे.”

“हो.”

“मग हा का बसलाय?”

बायकोने गोदामकडे पाहिलं. गोदामने भिंतीला आणखी नाक खुपसलं. ती चमचे मोजायला गेली. आक्षेपरावांनी कपाटातून परिशिष्टाची घरची प्रत काढली. क्रमांक चव्वेचाळीसवर शिक्का तारखेसकट नोंदवलेला होता. त्याच्याखाली त्यांनी नीट अक्षरात क्रमांक पंचेचाळीस लिहिला, आजची तारीख घातली, आणि वस्तूची जागा कोरी सोडून ते मोजे मोजायला उठले.